बाहुलीचा दोर कुणाच्या हाती?

आपल्या राजकीय भाषेत ‘कळसूत्री बाहुले’ ही एक शिवी आहे. दुसऱ्याच्या इशाऱ्यावर माना डोलावणारा पुढारी, दिल्लीहून हलणाऱ्या दोरीवर नाचणारे मंत्रिमंडळ, भांडवलदारांच्या तालावर पावले टाकणारे सरकार, या सर्वांसाठी आपण सभांतून आणि पत्रकांतून हा शब्द सढळ हाताने वापरत आलो आहोत. यात बाहुलीवर थोडा अन्यायच झाला आहे. बाहुलीला स्वतःची इच्छा नसते हे खरे; पण म्हणूनच तिच्यासंबंधी विचारण्याजोगा प्रश्न एकच उरतो. तिचा दोर कुणाच्या हाती आहे?

हाच प्रश्न घेऊन आपल्या प्राथमिक शाळेच्या वर्गात शिरावे. तेथे बहुधा असे दिसते की, बाहुलीच्या जागी मूल आहे आणि दोर पाठ्यपुस्तकाच्या, परीक्षेच्या व वरून येणाऱ्या परिपत्रकांच्या हाती आहे. गुरुजी वाक्य म्हणतात, मुले ते परत म्हणतात. गोष्ट सांगा, असे सांगितले की मूल पुस्तकातील गोष्ट शब्दशः म्हणून दाखवते आणि जितकी ती शब्दशः तितके गुण अधिक. अशा वर्गात मुलांनी स्वतःच्या हातांनी, चिंध्यांच्या आणि रद्दी कागदाच्या, बाहुल्या करून ऐकलेली गोष्ट त्यांच्याकरवी पुन्हा सांगितली, तर काय घडते? माझे म्हणणे असे की, तेथे दोर प्रथमच मुलाच्या हाती जातो. म्हणून ही गोष्ट करमणुकीची किंवा शिक्षणखात्याच्या भाषेत एखाद्या ‘उपक्रमा’ची नाही. कष्टकऱ्यांच्या मुलांना शाळेत बोलण्याचा हक्क मिळतो की नाही, याची ती कसोटी आहे, आणि त्या अर्थाने ती आपल्या पक्षाच्या विचाराचा विषय आहे.

यावर आपल्यातलेच अनेक कार्यकर्ते म्हणतील की, शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत, पावसाळ्यात वर्ग गळतात, लहान शाळांवर बंदीची टांगती तलवार आहे आणि अशा वेळी हे बाहुल्यांचे कौतुक कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु शाळा टिकवण्याचा लढा आणि शाळेत काय चालावे याचा लढा हे दोन वेगळे लढे आहेत, हे गृहीतच चुकीचे आहे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात सरकारी महसूल कष्टकरी रयतेकडून गोळा होतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, अशी तक्रार होती. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणीही होती. परंतु त्याच निवेदनात शिक्षक कोणत्या वर्गातून यावेत आणि अभ्यासक्रमात काय असावे याचाही ऊहापोह होता. आणि त्याच्या २७ वर्षे आधी, १८५५ साली, ‘तृतीय रत्न’ लिहिताना जोतीरावांनी शिक्षणाचे महत्त्व सांगण्यासाठी निबंध न निवडता नाटक निवडले होते. अज्ञानामुळे नाडले जाणारे कुणबी जोडपे आणि मध्येच टोमणे मारणारा विदूषक यांच्या तोंडून ते बोलले. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत विचार पोहोचवायचा तर पात्रे उभी करावी लागतात, हे त्यांनी जाणले होते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. गोष्ट म्हणून दाखवणे आणि गोष्ट पुन्हा सांगणे यांत मोठे अंतर आहे. म्हणून दाखवण्यास स्मरण पुरते. पुन्हा सांगायची तर आधी काय आणि नंतर काय हे ठरवावे लागते, कोण बोलते आणि कुणाशी बोलते हे लक्षात ठेवावे लागते, आणि ते पात्र तसे का वागले याचे उत्तर मनाशी द्यावे लागते. हातात बाहुली असली की हे सर्व अटळ होते. कारण बाहुली ‘मग वाघ रागावला’ असे म्हणू शकत नाही. तिला रागवावे लागते. वाघाची बाहुली धरणाऱ्या मुलीला वाघ काय म्हणाला असेल हे स्वतः शोधावे लागते, आणि समोर म्हातारीची बाहुली धरून बसलेल्या मुलाला त्याचे उत्तर तेथल्या तेथे द्यावे लागते. पाठांतराला येथे थारा राहत नाही, कारण संवाद एकट्याने पाठ करता येत नाही.

दुसरी गोष्ट भीतीची. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तक नव्हते, त्या घरातील मूल शाळेत येते तेव्हा ते मुके नसते. नदीवर, रानात, गुरांमागे ते अखंड बोलत असते. वर्गात ते गप्प होते, कारण तेथे त्याचा प्रत्येक शब्द तपासला जातो आणि हसण्यावारी नेला जातो. बाहुली पुढे धरली की चूक बाहुलीची होते. हसू आले तरी ते बाहुलीला येते. या एवढ्याशा आडोशामागून कित्येक मुले प्रथमच मोठ्याने बोलतात, हे बालवाडीत काम केलेल्या कोणत्याही बाईंना विचारावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावे व त्याला आपली मते मोकळेपणाने मांडता यावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. कायदा २००९ सालचा. तो अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. या कलमाची अंमलबजावणी कशी करावी, असे कुणी विचारले तर मी म्हणेन की, जुन्या पायमोज्यापासून सुरुवात करावी.

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे आवश्यक आहे. आडोशामागून मूल जे बोलते त्यात कधी घरातील मारहाण असते, कधी त्याहून भयंकर काही असते. ‘वाटेवरती काचा गं’ या नाटकात मीना नाईक यांनी मुलांवरील लैंगिक अत्याचाराचा विषय बाहुल्यांच्या साहाय्याने रंगभूमीवर आणला, तो याच कारणाने की, जे माणसाच्या तोंडून ऐकवत नाही ते बाहुलीच्या तोंडून ऐकता येते. म्हणून वर्गात असे काही बाहेर आले, तर ते खेळ म्हणून सोडून देता येणार नाही आणि त्या मुलाची चारचौघांत उलटतपासणीही करता येणार नाही. २०१२ च्या कायद्याने लैंगिक अत्याचाराची खबर देणे बंधनकारक केले आहे. ही जबाबदारी कशी पार पाडायची हे शिक्षकाला आधीच शिकवलेले असले पाहिजे.

एक साधे उदाहरण घेऊ. चिऊ आणि काऊ यांची गोष्ट महाराष्ट्रातील बहुतेक प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. चिऊचे घर मेणाचे, काऊचे शेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, भिजलेला काऊ चिऊचे दार ठोठावतो आणि चिऊ आपल्या बाळाच्या एकामागून एक कामांची सबब सांगत दार उघडण्याचे लांबवते. अनेक घरांत गोष्ट येथेच थांबते. काही घरांत काऊला पुढे चुलीजवळचा चटकाही बसतो. शतकानुशतके ही गोष्ट चिऊच्या घरातून सांगितली गेली आहे. ऐकणारा नकळत आतल्या ऊबेत बसतो आणि बाहेरच्याचे हसे होते.

आता ही गोष्ट ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हाती द्या. त्यांची कोपी उसाच्या पाचटाची असते आणि अवकाळी पावसात घर वाहून जाणे म्हणजे काय हे त्यांना गोष्टीतून शिकावे लागत नाही. काऊची बाहुली ज्या मुलाच्या हातात असेल, तो तीन वेळा दार ठोठावून गप्प कसा राहील? तो चिऊला जाब विचारील. शेण कुणाच्या गोठ्यातून आणले आणि मेण चिऊला कुठून मिळाले, असेही एखादी मुलगी विचारील. कुणी काऊसाठी नवे घर बांधील, कुणी चिऊला दार उघडायला लावील, कुणी म्हणेल की चिऊला घरात एकटीने बाळ सांभाळावे लागते, तिचेही ऐकून घ्या. यातील कोणतेही उत्तर शिक्षकाने आधी ठरवलेले नाही, आणि त्यातच त्याचे मोल आहे. जग जसे सांगितले गेले तसेच ते असले पाहिजे असे नाही, ते दुसऱ्या बाजूनेही सांगता येते, हा समाजवादाचा पहिला धडा आहे, आणि तो येथे ‘समाजवाद’ हा शब्द न उच्चारता शिकला जातो.

बाहुली विकत आणलेली न घेता हातांनी केलेली का, याचे उत्तर काटकसरीच्या पलीकडचे आहे. गव्हाच्या पिठाची खळ, भिजवून कुटलेल्या वर्तमानपत्रांचा लगदा, त्यात कीड लागू नये म्हणून थोडी मेथीची पूड, फाटक्या लुगड्याचा तुकडा, नारळाची शेंडी, चिंचोके, बांबूची काडी. हे साहित्य गावात सर्वत्र मिळते. लगद्याचे डोके वाळायला दोन-तीन दिवस लागतात, आणि त्या दोन-तीन दिवसांत मुले त्या पात्राविषयी बोलत राहतात. म्हातारीच्या चेहऱ्यावर किती सुरकुत्या काढायच्या, राजाला मिशा हव्यातच का, या चर्चेत गोष्टीचे जे आकलन होते ते प्रश्नोत्तरांच्या वहीत होत नाही. शिवाय येथे वर्गातील श्रेणी उलटतात. वाचनात मागे पडणारा कुंभाराचा किंवा बुरुडाचा मुलगा हातांच्या कामात पुढे असतो. जो रोज शेवटच्या बाकावर बसतो त्याच्याकडे इतर मुले गाठ कशी मारायची हे विचारायला जातात. मुले शिवणकाम करतात, मुली वाघ आणि पाटील होतात. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातांचे काम हेच शिक्षणाचे माध्यम व्हावे अशी मांडणी केली, तिच्याविषयी आपल्यात मतभेद होते आणि आहेत. परंतु हात आणि बुद्धी यांची फारकत ही जातिव्यवस्थेची शिकवण आहे व शाळेने ती मोडली पाहिजे, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

याच मातीत हा प्रयोग एकदा झालेला आहे, याचे स्मरण ठेवले पाहिजे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये नेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणार नाहीत, हे ताराबाईंना लगेच दिसले. त्यांनी साधनांची यादी घेऊन सरकारच्या दारात बसण्याऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने यांतून साधने तयार केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा अंगणात जाईल, गुरांमागे कुरणात जाईल, असे ठरवले. आज देशभर रूढ झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या विचारातून आला. परकीय पद्धत जशीच्या तशी न उचलता तिचा गाभा घेऊन ती गरिबाच्या अंगणात रुजवण्याचे ते काम होते.

त्या पार्श्वभूमीवर आजचे चित्र पाहावे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि खेळणी यांतून शिक्षण देण्याची भाषा स्वीकारली. एनसीईआरटीने २०२२ साली खेळण्यांवर आधारित अध्यापनाची पुस्तिका काढली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ‘जादुई पिटारा’ नावाचा संच केंद्रीय शिक्षणमंत्र्यांच्या हस्ते वाजतगाजत प्रसिद्ध झाला. त्या संचात खेळणी, कोडी, गोष्टींची पुस्तके आहेत, बाहुल्याही आहेत. या धोरणाची भाषा वाचून आपल्यापैकी काहींना आनंद झाला. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मूल खेळातून शिकते, हे सरकारी कागदावर आले हे चांगलेच झाले. पण पेटीतून तयार निघणारी बाहुली आणि मुलाने केलेली बाहुली यांत जो फरक आहे, तो या धोरणाच्या लक्षात आलेला दिसत नाही. पेटी आली की तिची नोंद होते. नोंद झाली की ती कपाटात जाते, कारण हरवली तर जबाबदारी मुख्याध्यापकाची. मग वर्षातून एकदा कपाट उघडते, छायाचित्र निघते, ते वर पाठवले जाते आणि पेटी पुन्हा कुलपात जाते. दुसरीकडे शहरांतील महागड्या खाजगी शाळांसाठी बाहुल्यांचे तयार संच विकणारा बाजार उभा राहतोच आहे. सरकारचे कुलूप आणि बाजाराची किंमत यांच्यामध्ये मुलाच्या हाताला काम उरत नाही.

बाहुलीची कला महाराष्ट्राला कुणी परदेशातून आणून दिलेली नाही. साइखड्याच्या बाहुल्यांचा उल्लेख ज्ञानेश्वरीतही येतो. आजही सिंधुदुर्गातील कुडाळ तालुक्यात पिंगुळी येथे ठाकर समाजाची मंडळी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आणि चित्रकथीची परंपरा सांभाळून आहेत. चित्रांच्या पोथ्या मांडायच्या, एकेक चित्र पुढे धरून कथा गायची, ही चित्रकथीची रीत. या कलेला सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. संस्थाने गेली आणि कलावंतांच्या पोटाला आधार उरला नाही. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याच्या जागी संग्रहालय उभे केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, याचा सर्वांना अभिमान आहे. परंतु पद्मश्रीने एका कलावंताचा गौरव होतो, समाजाचा चरितार्थ चालत नाही.

विरोधाभास असा की, ज्या समाजाने गोष्ट सांगण्याची ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्याच्याकडे शाळेने कधी गुरू म्हणून पाहिले नाही. दिल्लीत १९७९ साली स्थापन झालेल्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्रात शिक्षकांसाठी बाहुल्यांची शिबिरे भरतात, हे योग्यच आहे. पण सिंधुदुर्गातील शिक्षकाने बाहुली शिकायला दूरच्या शहरातील केंद्रात जावे आणि त्याच जिल्ह्यातील ठाकर कलावंताने महोत्सवातील बिदागीची वाट पाहत बसावे, ही कसली व्यवस्था? त्या कलावंताला जिल्हा परिषदेने मानधन देऊन वर्गात बोलावले पाहिजे. तो आला की मुलांना बाहुली तर मिळेलच, पण ज्याला समाजाने उपेक्षेच्या कडेला ठेवले तो माणूस फळ्याजवळ उभा राहून शिकवतो आहे, हेही दिसेल. त्या दृश्याची बरोबरी समतेवरील दहा भाषणे करू शकणार नाहीत.

कोणत्या गोष्टी सांगाव्यात, हा प्रश्न टाळता येणार नाही. परंपरेच्या बाहुल्यांनी रामायण-महाभारत सांगितले आणि त्याला कुणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. या कथा लोकांच्या आहेत आणि लोकांनी त्या हजार तऱ्हांनी सांगितल्या आहेत. आक्षेप आहे तो कथेची एकच तऱ्हा खरी मानून बाकीच्यांचे तोंड बंद करण्यास. आज जी मंडळी सांस्कृतिक वारशाच्या नावाखाली शाळेत शिरू पाहत आहेत त्यांना पुनर्कथन नको आहे, पाठांतर हवे आहे. त्यांच्या हाती बाहुली गेली तर ती पुन्हा शिवीतली कळसूत्री बाहुलीच होईल.

परंतु हाच धोका आपल्याकडूनही संभवतो. प्रचाराचे साधन म्हणून कला वापरण्याची आपल्याला सवय आहे. सेवादलाच्या कलापथकांनी गावोगाव जी जागृती केली तिचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण कलापथक लोकांपुढे खेळ करते. वर्गात मुले स्वतः खेळ करतात. तेथे आपण हुंडाबंदीची, व्यसनमुक्तीची, अंधश्रद्धेची लिहून आणलेली संहिता मुलांच्या हातात ठेवून ती बाहुल्यांकडून वदवली, तर विचार आपला असला तरी दोरही आपल्याच हाती राहिला. साने गुरुजींनी ‘गोड गोष्टी’तून जगातील थोर कथा मराठी मुलांसाठी पुन्हा सांगितल्या. अमळनेरच्या वसतिगृहात ते मुलांसाठी रोज हाताने दैनिक लिहीत. ते सांगत त्यामागे मुलाच्या मनावर विश्वास होता. तो विश्वास नसेल तर बाहुली हे केवळ आणखी एक कर्णे होईल.

भाषेचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. मेळघाटातील कोरकू मूल, गडचिरोलीतील माडिया मूल, तांड्यावरचे बंजारा मूल, कातकरी वाडीवरचे मूल यांना शाळेत आल्याबरोबर प्रमाण मराठी ही जवळजवळ परकी भाषा भेटते. बाहुलीला मात्र प्रमाणभाषा येत नसली तरी चालते. अस्वल कोरकूत बोलले आणि वाघ मराठीत बोलला तर वर्गात गोंधळ होत नाही, उलट दोन्ही भाषा बाकावर शेजारी बसतात. मुलांनी बोलीत सांगितलेली गोष्ट शिक्षकाने त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहावी, आणि तीच त्यांच्या वाचनाचा पहिला पाठ व्हावी. आपण बोललो ते लिहिता येते आणि लिहिलेले वाचता येते, हे कळणे हीच साक्षरतेची खरी सुरुवात आहे. या बाबतीत एक बाहेरचा दाखला मननीय आहे. ऑस्ट्रियन साम्राज्यात सरकार-दरबारी आणि उच्च शिक्षणात जर्मनचे वर्चस्व असताना चेक खेड्यांतून फिरणारे बाहुलीवाले चेक भाषेत खेळ करीत राहिले, आणि त्या देशाच्या भाषिक पुनरुत्थानाच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान मिळाले. २०१६ साली युनेस्कोने चेक आणि स्लोव्हाक बाहुलीकलेचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. पाटीवर ज्या भाषेला जागा नव्हती तिला लाकडाच्या पात्रांनी आश्रय दिला.

हे सर्व करणार कोण? शिक्षक. आणि त्याला यासाठी वेळ आहे का? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपण्यास मनाई केली आहे. प्रत्यक्षात तो माहिती भरण्यात, ती वर पाठवण्यात आणि पाठवलेली पुन्हा पाठवण्यात दिवसाचा मोठा भाग घालवतो. प्राथमिक शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत दरमहा ६,००० रुपयांवर राबवले गेले. त्यानंतर ती रक्कम १६,००० झाली, हेही त्याच्या संघटनांच्या लढ्यामुळे. अशा शिक्षकाकडे बाहुली हे आणखी एक सक्तीचे काम म्हणून गेली, तर तिच्याविषयी त्याला तिटकाराच येईल. म्हणून सक्ती नको आणि छायाचित्रांचा अहवालही नको. आठवड्यातून दोन तास, शिकवण्याच्या वेळापत्रकातलेच, आणि तालुक्यातल्या शिक्षकांना एकत्र येऊन एकमेकांकडून शिकण्याची मोकळीक, एवढे पुरे आहे.

ज्या शाळांत हे सर्वांत सहज घडू शकते, नेमक्या त्याच शाळांवर आज कुऱ्हाड आहे. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात सुमारे १५ हजार आहेत, असे तेव्हा पुढे आले. त्याच महिन्यात शाळा दत्तक देण्याची योजना आणून देणगीदार कंपन्यांना शाळांची दारे उघडून देण्यात आली. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी हा नियम आहे. पंधरा मुलांची वाडीवरची शाळा सरकारला तोट्याची वाटते. पण पंधरा मुले गोल करून बसतात, तीन बाहुल्या मध्ये असतात आणि प्रत्येकाची पाळी रोज येते, ही त्या शाळेची श्रीमंती आहे. तिला मोजण्याचे माप हिशेबतपासनीसाकडे नाही. ते आपण लोकांपुढे ठेवले पाहिजे. शाळा वाचवा म्हणून मोर्चा काढताना, त्या शाळेत वाचवण्याजोगे काय चालते हे पालकांना दिसलेले असेल, तर मोर्चात पालक येतील.

डॉ. लोहियांनी फावडे, मत आणि तुरुंग ही कार्यकर्त्याची तीन साधने मानली. फावड्याचे काम आपल्याकडे अलीकडे मागे पडले आहे. त्यासाठी येथे एक लहानसा कार्यक्रम सुचवतो. जिल्हा परिषदांतील आपल्या सदस्यांनी आणि मित्रपक्षांच्या सदस्यांनी लोककलावंतांना वर्गात येण्यासाठी मानधनाची तरतूद अंदाजपत्रकात मागावी. शिक्षक संघटनांतील आपल्या सहकाऱ्यांनी कलम २७ चा आग्रह आणि आठवड्याचे दोन तास यांची मागणी एकत्र मांडावी. शाखा जेथे आहे तेथे रविवारी सकाळी मुलांचे बाहुल्यांचे शिबिर घ्यावे. त्यासाठी देणगी लागत नाही, रद्दी लागते. शिबिरात मोठ्यांनी खळ शिजवावी, दोरे ओवून द्यावेत आणि गोष्ट सुरू झाली की मागे सरकून बसावे. मुले जे सांगतील ते लिहून ठेवावे. वर्षाअखेरीस वाडी-वाडीवरून जमलेल्या त्या गोष्टी वाचल्या, तर महाराष्ट्रातील कष्टकऱ्यांच्या मुलांना जग कसे दिसते हे आपल्या कोणत्याही ठरावापेक्षा अधिक स्पष्ट कळेल.

बाहुलीने गरिबी हटणार नाही, रिकाम्या जागा भरणार नाहीत आणि गळके छप्परही शाकारले जाणार नाही. त्यासाठी लढावेच लागेल, आणि दीर्घकाळ लढावे लागेल. परंतु जी माणसे उद्या तो लढा पुढे नेणार आहेत ती आज तिसरी-चौथीत बसली आहेत. कुणी सांगितलेली गोष्ट निमूटपणे पुन्हा म्हणण्याची सवय त्यांना लागते की ती दुसऱ्या बाजूने सांगून पाहण्याची, हे याच वर्गात ठरते आहे. लोकशाहीला दुसरी सवय लागते. तिची तालीम देण्यासाठी एक जुना पायमोजा, मूठभर खळ आणि थोडा विश्वास पुरेसा असेल, तर तेवढेही आपण जमवू नये, असे कोणते कारण आहे?